सरांचा अखेरचा तास आणि सैल फुगा

सापोरो, मार्चअखेर

तीर्थरूप फुमिए आत्यास,

योहेईचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? अतिथिगृहाचे जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू चढतेसच, हे काकांनी (फोनवर, आवाज बारीक करून) कळवलंय. इकडे रस्त्याकडेचं बर्फ काळं पडून वितळतंय. मी ठणठणीत आहे. फक्त परवापासून झोप उडालीय, आणि तीही काळजीनं नव्हे, आनंदानं. आत्या, आमचं कडं जुळलं!

कुरामोची सर तुला ठाऊकच आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला सपत्नीक तुझ्याकडे विश्रांतीला येणार आहेत, तेच. परवा त्यांचा निवृत्तीचा अखेरचा तास होता. जन्मभराचं संशोधन तासाभरात सांगायचं, पुष्पगुच्छ घ्यायचा आणि घरी जायचं, अशी रीत. सरांनी घडवलेले रेणू, शोधलेले धातूंचे उत्प्रेरक, सगळं पडद्यावर यायचं होतं. कोरी होती फक्त एक जागा. समुद्री स्पंजात सापडणारा एक रेणू प्रयोगशाळेत जोडायला सर मी कॉलेजात येण्याआधीपासून झटत होते. सगळे तुकडे जुळायचे, अणूंचं शेवटचं कडं तेवढं बंद व्हायचं नाही. ते काम पॅलेडियम या धातूचं, आणि हा पठ्ठ्या जेमतेम सुरुवात करून काळी भुकटी होऊन तळाशी बसायचा. हवा लागली की माल नासतो, हे सरांचं ठाम मत. म्हणून चंबूच्या तोंडावर आरगॉन वायूचा फुगा घट्ट बांधायचा. (या फुग्यापायी मी इतकी बोलणी खाल्लीत की लेकीच्या वाढदिवसालाही घरात फुगे लावू देत नाही.)

परवा सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून चंबू लावला, तेवढ्यात पाहुणे आले. फुगा कसाबसा अडकवून धावलो. जेवून परत येतो तर फुगा चिमलेला, आत हवा शिरलेली. ओतूनच देणार होतो, पण द्रावण काळं नव्हतं. संत्र्याच्या सालीसारखं दिसत होतं. थेंबभर यंत्रात घातलं. कागदावर रेषा उमटल्या, आणि एकूण एक रेष स्पंजातल्या रेणूच्या जागी. मी सभागृहाकडे धावलो.

सर सभागृहामागच्या खोलीत छातीवर कागदी फूल लावून बसले होते. मी कानात सांगितलं. ते उठले आणि सरळ प्रयोगशाळेकडे चालू लागले. मागून अधिष्ठाता हाका मारतायत, त्यांच्यामागे पुष्पगुच्छवाल्या बाई. सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला, मग माझ्याकडे वळले.

"साकामाकी, फुगा कुणी बांधला होता?"

"मीच, सर."

"नीट बांधला नव्हता."

"नाही, सर."

"परत तितकाच वाईट बांधता येईल?"

तास उशिरा सुरू झाला आणि सर फक्त फुग्यावर बोलले. बेतानं हवा मिळाली की मेलेला पॅलेडियम पुन्हा कामाला लागतो, हे सांगताना त्यांनी नवा कोट खडूनं भरवला. जन्मभराचं संशोधन राहिलं, पडद्यावरची चित्रं राहिली, शेवटी बायकोचे आभार मानायचे होते (तिचा तरुणपणीचा फोटोही शोधून लावला होता), तेही राहिले. पहिल्या रांगेत ठेवणीतला किमोनो नेसून बसलेल्या कुरामोची बाईंनी अखेर हात वर केला.

"एक शंका आहे. एक तारखेपासून तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही. मग हे पुन्हा कुठे करून बघणार?"

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. "मलाही तोच प्रश्न पडलाय," म्हणाले. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या यशाच्या दिवशी त्यांचा चेहरा पार उतरला होता.

असो. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
योहेई

ता. क. पुढचं काम मी करणारच आहे, पण सरांना एकदा तरी स्वतःच्या हातानं ते कडं जुळवायचंय. तुझ्या मागच्या अंगणातलं कोठार रिकामं आहे ना? आत्या नाही म्हणणार नाही, असं मी सांगून बसलोय. सामान थोडकंच आहे, सर खोक्यात घालून आणतील. बाईंना कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा फोन. त्यांना सगळं कळलंय. "कोठार खुशाल द्यायला सांगा," म्हणाल्या, "विश्रांतीला तुमच्या आत्याचं गाव मी उगाच नाही निवडलं. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे हवेत गंधक, आणि गंधकापुढे पॅलेडियमचं काही चालत नाही, हे लग्न झाल्यापासून मी रोज जेवताना ऐकतेय." आनंदाच्या भरात सर हे साफ विसरलेत. तेव्हा कोठार दे. खिडक्या मात्र सताड उघड्या ठेव, असा बाईंचा निरोप आहे.