वगळले: दोन

४ सप्टेंबर, सोमवार
नोकरी लागली आणि पाळणाघरही मिळालं, तेही एकाच इमारतीत! खाली ठमी, वर मी. ठमी म्हणजे माझी चार वर्षांची लेक. घरात आता आम्ही दोघीच. कंपनी लिफ्टची देखभाल करते आणि मी तक्रारींचे तक्ते काढते. त्यासाठी संगणकावर एक शोधपेटी आहे. तिला साध्या बोलीत विचारायचं, 'गेल्या महिन्यात दोनदा बंद पडलेल्या लिफ्ट दाखव.' ती वाक्यातून आपणच फिल्टर लावते आणि काय ठेवलं, काय वगळलं ते खाली करड्या चौकटीत लिहिते. सगळे तिला चाळणी म्हणतात. दारावरच्या नोंदी, पाळणाघराच्या याद्या, सगळं तिच्यातूनच निघतं.
माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे, पाठीवर निळा स्वेटर. कुणाचा म्हणून विचारलं, तर साहेबीणबाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. अर्थात ताई म्हणते, मी स्वतःच्या सावलीचीही उलटतपासणी घेईन.

६ सप्टेंबर, बुधवार
उद्या सगळ्यांना बाहेरून जेवण येणार आहे. साहेबीणबाईंनी यादी मागितली. मी डबा आणते, म्हणून लिहिलं, 'आमच्या खोलीतली सगळी माणसं दाखव, मला सोडून.' यादी चटकन आली. खाली करड्या चौकटीत: वगळले: २.
मी तर एकटीला सोडायला सांगितलं होतं. मग दुसरं कोण? चौकटीवरची फुली दाबून पाहिली, पण चौकट जाईना.

८ सप्टेंबर, शुक्रवार
आज कुणी माझ्याशी बोललं नाही. हा ठरवून केलेला कट आहे. समोरचा चष्मेवाला माझ्या जागेवर टपलेला आहे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. चहा वाटला, तेव्हा ट्रे माझ्यापुढून तसाच पुढे गेला. मी खोकले, एक विनोद केला, शेवटी मुद्दाम शिंकले. चष्मेवाल्याने उठून खिडकी लावली.
संध्याकाळी ठमी धावत येऊन बिलगली तेव्हा रडूच आलं.

११ सप्टेंबर, सोमवार
काल ठमी दोनदा विचारत होती, आई कुठे गेलीस. मी तिच्या शेजारीच बसले होते.
आज इमारतीचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडलं नाही. पोस्टमनच्या मागोमाग आत शिरले. माणसं कटात असतील, पण दार? चाळणीला माझं नाव विचारलं. 'अशी नोंद नाही.' हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
निळा स्वेटर घालून एक बाई शेजारच्या खुर्चीत बसली आहे. म्हणते, ती पहिल्यापासून इथेच होती. तिनेही एकदा सुट्टीच्या यादीसाठी असंच लिहिलं होतं, मला सोडून.

१२ सप्टेंबर, मंगळवार
काल पाळणाघरात आयाच्या यादीवर ठमीपुढे आईचा रकाना कोरा होता. न्यायला कुणी नाही म्हणून तिने ताईला बोलावलं. मी ठमीसमोर गुडघ्यांवर बसून हाका मारत होते. ती माझ्या आरपार रस्त्याकडे बघत होती. आई का येत नाही, एवढंच विचारत होती.

१३ सप्टेंबर, बुधवार
ताई ठमीला कायमची आपल्या गावी नेणार. शुक्रवारी.
स्वेटरवालीला विचारलं, तुझं मूल कुठे आहे. ती स्वेटरच्या बटणाशी चाळा करत राहिली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
ताई खाली आली आहे. बॅग भरलेली —
साहेबीणबाई जेवायला गेल्या. त्यांच्या संगणकावरून — माझ्या संगणकावर आता चाळणी उघडतच नाही —
स्वेटरवालीने मनगट धरलं. नको म्हणाली. मागितलेलं देते चाळणी, पण कुठल्या बाजूने ते —
लिहिलंच. 'ठमी आणि तिची आई एकत्र दाखव.'
यादी कोरी. खाली —
वगळले: ३
जिन्यावर छोटे बूट वाजताहेत. एकटेच. खाली ताई आयाशी बोलतेय, आवाज अगदी शांत — ती ठमीला हाक का मारत नाही —
ठमी दारात. कुणी मान वर केली नाही. ती मात्र थेट माझ्याकडे बघून हसते आहे, हात पसरून, आणि मी तिला कसं सांगू, की परत —