गच्चीवरची ढाबळ

मी, धम्मशीला सिद्धोधन वाव्हळे, वय चौसष्ट वर्षे, निवृत्त शिक्षिका, राहणार सोनपेठ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन कसे आहे हे वकिलांनी विचारले नाही. कायद्याला ते लागत नसावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती सिद्धोधन तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगा सुगत पुण्यात नोकरी करतो. दुसरे वारस नाहीत.

२. बँकेतील ठेव आणि सोन्याची पोत सुगतला द्यावी. पुस्तके शाळेला. करवत, रंधा, पटाशी ही सिद्धोधन यांची हत्यारे त्यांचा आतेभाऊ दत्ता याला. गच्चीवरची ढाबळ, म्हणजे कबुतरांचे लाकडी घर, त्यांनी याच हत्यारांनी बांधले. दत्ताने एकदा कबुतरेही नेली होती. ती त्याच्याकडे राहिली नाहीत. हत्यारे राहतील.

३. कबुतरे सिद्धोधन यांची. मला ती नको होती. घाण कोण काढणार, यावरून आमचे बोलणे झालेले आहे. ते शीळ वाजवून त्यांना खाली उतरवत. मला शीळ येत नाही. ते गेल्यावर मी डब्याचे झाकण वाजवू लागले. कबुतरे पाण्याच्या टाकीवर बसून बघत राहत. उतरत नसत. मग उतरू लागली.

त्या वर्षी माणसे येत, कशा आहात विचारत. सांगण्यासारखे काही नसे. कबुतरे विचारत नाहीत. त्यांना ज्वारी लागते, म्हणून उठावे लागे. उठले की चूळ भरावी लागे, मग चहा. असा दिवस सुरू होई. एकदा घरट्यातून पडलेले पिल्लू तळहातावर घेतले. पिसे फुटलेली नव्हती. गरम होते. सिद्धोधन गेल्यानंतर मला जाणवलेली ती पहिली गोष्ट. याला प्रेम म्हणतात का, ठाऊक नाही. पक्षी पाळून काय मिळते, असे सुगत विचारतो. त्याला हे उत्तर समजावे.

४. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी सुगतने मला पुण्याला नेले. निघताना कबुतरे दत्ताच्या वाडीवर दिली. मोठे कबुतर नव्या जागी न्यायचे तर त्याचे पंख बांधायचे आणि ते तिथे अंडी घालेपर्यंत सोडायचे नाही, असे सिद्धोधन सांगत. मी दत्ताला तसे म्हणाले.

"वहिनी, बांधायची काय गरज? माझ्याकडं दाणा लय हाय. पोटाला मिळालं की राहतेत."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या सुलाबाईंचा फोन आला.

"बाई, तुमचे पाव्हणे परत आलेत. माझ्या पापडावर बसलेत. आता आमी पापड खावं का पिसं?"

मी म्हणाले, हाकलून द्या.

"कुठं हाकलू? त्यंचं घर इथंच हाय."

सुलाबाई बजरंग रोडे यांचे आणि आमचे कबुतरांवरून जुने भांडण. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. वाळवण नीट वाळले असे एकही वर्ष गेले नाही. त्यांनी आमच्या घरी कधी पाणी घेतले नव्हते, हे दुसरे. त्याबद्दल भांडण झाले नाही. कारण दोघींना माहीत होते.

पाऊस संपेपर्यंत मी पुण्यात राहिले. मग बॅग भरली. सुगत म्हणाला, "आई, कबुतरांसाठी परत जायलीस का?" मी म्हणाले, "पंख बांधले नव्हते."

एसटीतून उतरून घरी आले. गच्चीवर पाण्याने भरलेली पितळी परात होती. सुलाबाईंच्या स्वयंपाकघरातली. "जुनी हाय, फुटकी हाय," त्या म्हणाल्या. परात फुटकी नव्हती. खाली येऊन मी चहा टाकला. त्या प्याल्या.

५. राहते घर माझ्या पगारातून घेतलेले, माझ्या नावावर आहे. ते सुगतला द्यावे. मात्र गच्ची, जिना, वरचा नळ आणि ढाबळ वापरण्याचा हक्क सुलाबाईंना त्यांच्या हयातीपर्यंत राहील. तोवर घर विकू अथवा पाडू नये.

मी 'कबुतरे असेपर्यंत' असे लिहिणार होते. वकील म्हणाले, ती अंडी घालत राहणार, मुदत संपणारच नाही. माणसाची हयात लिहा. सुगतने फोनवर विचारले, "म्हणजे सुलामावशी अजून किती वर्षं?" मी सांगितले, त्यांची आई नव्वदी ओलांडून गेली. त्याने नाही म्हटलेले नाही.

परात सुलाबाईंची आहे. ती माझ्या मिळकतीत धरू नये.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, थोडक्यात करावा. कोणी पांढरे कबुतर हवेत सोडण्याची सूचना केल्यास मानू नये. ते घरीच परत येईल. त्या दिवशी घरात गर्दी असेल. आधी गच्चीवर ज्वारी टाकावी, झाकण वाजवावे, कबुतरे उतरू द्यावीत. मग मला हलवावे.

७. ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. परवा साक्षीदार ठरवत होतो, तेव्हा सुलाबाई चष्मा लावूनच आल्या.

"मी करते की सही. तुमीच तर शिकवली."

प्रौढांच्या वर्गात मीच शिकवली होती. मी म्हणाले, तुमची चालणार नाही.

"माझी न्हाई चालत? आन् त्या बन्सीधर गुरुजींची चालती?"

त्या उठून गेल्या. चहा तसाच राहिला. तेव्हापासून बोलत नाहीत. मला कारण सांगता येत नाही. सांगितले तर त्या नको म्हणतील. हे वाचून दाखवले जाईल तेव्हा त्यांना कळेल.

आज सकाळी परात भरलेली होती.

ठिकाण: सोनपेठ
दिनांक: ९ जानेवारी २०२५

(सही) धम्मशीला सिद्धोधन वाव्हळे

बाईंनी वरील सही आमच्या समोर केली आणि आम्ही आमच्या सह्या बाईंच्या समोर केल्या. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार:
(सही) बन्सीधर रंगनाथ कदम, निवृत्त शिक्षक, सोनपेठ
(सही) निकिता माऊली जोगदंड, सोनपेठ