गाजरं गुडघाभर वाढली, त्याबद्दल

तीर्थरूप दादा आणि वहिनी, दोघांना धाकट्याचा वाकून नमस्कार. दादाच्या नव्या गुडघ्यालाही नमस्कार सांगा (आमची अजून ओळख झालेली नाही, पण रीत म्हणून). लेकीच्या घरी तुमचं छान चाललं असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. मीही अगदी मजेत आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झालेत आणि मान वळत नाही, पण एकूणात मजेत.

मागच्या पत्रात मी ‘गाजरं गुडघाभर वाढली’ असं लिहिलं होतं आणि त्यावर तुमचं काहीच उत्तर आलं नाही. मला वाटलं, कौतुकानं तोंडातून शब्द फुटत नसेल. आता कळतंय की दादा, तू ते वाचून डोक्याला हात लावून बसला असशील.

त्याचं असं झालं. जाताना तू सांगितलंस, पाणी दे आणि तण काढ. तण दिसतं कसं, ते सांगितलं नाहीस. मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळात नको असलेली एकच वस्तू असते, धूळ, आणि ती कधी हिरवी नसते. गाजरं उगवायला इतका वेळ लावत होती की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन बांधावर बसायचो आणि मातीकडे बघत राहायचो. दुसरं बघायला होतंच काय? तुमच्या घरात दार मी उघडलं तरच उघडतं आणि भांडं माझ्या हातून पडलं तरच वाजतं. मग एके दिवशी मातीत हिरवं दिसलं. नक्षीदार, कातरलेली पानं, हुबेहूब गाजराची! मला इतका आनंद झाला की मी त्यांना चक्क ‘या’ म्हणालो.

पुढे वहिनींनी फोनवर विरळणीचं सांगितलं. दाटी झाली की किरकोळ रोपं उपटायची, दणकट ठेवायची. वहिनी, तुमचा शब्द मी तंतोतंत पाळला. डोळ्याला भिंग लावून आणि दुकानातला बारीक चिमटा घेऊन मी आख्ख्या शेतातली किरकोळ रोपं वेचून काढली (तीच गाजरं होती) आणि दणकट रोपांना खत घातलं, दोन वेळा पाणी दिलं आणि दिवसभराच्या बातम्या सांगितल्या. त्यांनीही माझा मान राखला. भराभर वाढली, पांढरी चिमुकली फुलं आली. हौदाजवळचा वाफा तेवढा आधी पेरलेला, तो वहिनींनी जाण्यापूर्वी स्वतः खुरपला होता, म्हणून तिथे मी हात लावला नाही. तिथली रोपं मात्र बुटकीच राहिली. मला त्यांची कीव यायची.

मग हातांना खाज सुटली. दवाखान्यात जायचं म्हणून जरा बरा सदरा घातला आणि डॉक्टरीणबाईंसाठी त्याच फुलांचा एक गुच्छ नेला (माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये). त्यांनी तो वास घ्यायला नाकाशी नेला आणि अशा शिंकायला लागल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

“हे कुठून आणलंत?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“घरच्या शेतातली गाजरं आहेत.”

“काका, हे गाजरगवत आहे.”

“म्हणजे गाजराचं गवतच ना?”

त्यावर त्यांनी खिडकी उघडली आणि गुच्छ बाहेर टाकला. मग माझे हात बघून म्हणाल्या, “ही खाज त्या तणाचीच. घरी मलम लावून द्यायला कोणी आहे ना?” मी हो म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून ते सगळं मुळासकट उपटलं. उपटताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. खाली चुकून वाचलेली काही गाजरं सापडली. काडीसारखी बारीक, पांढुरकी. वर ऊन अडलेलं, खाली पाणी नि खत दुसऱ्यांनीच ओढून नेलेलं, बिचारी जगणार कशावर? मग हौदाजवळचा वाफा उकरला. बी तेच, माती तीच, आणि गाजरं मनगटाएवढी! तण वेळेवर निघालं, पुढे पाल्यानंच जमीन झाकली, नव्या तणाला शिरायला जागाच उरली नाही. बाकी आख्ख्या शेताचं मिळून पीक म्हणाल, तर एका टोपलीचा तळही झाकला नाही. वाफ्यातलं एक गाजर धुऊन हौदावर बसून खाल्लं. फार गोड होतं. ‘घे, तूही खा’ म्हणायला शेजारी कोणी नव्हतं, म्हणून अर्धं तसंच हातात राहिलं.

असो. माझी काळजी करू नका, मला एकटं राहायची सवय आहे. दादा, घाई न करता पूर्ण बरा हो.

तुमचा,
धाकटा

ता. क. : हे गवत पुन्हा येणार. फुलं आली होती, म्हणजे बी मातीत पडलंच आहे. यापुढे खुरपायला बसायचं तर समोरच्या ओळीत दुसरं माणूस हवं, असं माझं मत झालंय. कामासाठी नव्हे, बोलायला.

आणखी एक ता. क. : काल ट्रॅक्टरवाला विचारत आला होता, शेत कसायला देता का म्हणून. मी सांगून बसलो की दादा नि वहिनी रविवारी स्वतः येताहेत, तेच काय ते ठरवतील. तेव्हा आता तुम्हाला यावंच लागेल, नाहीतर मी खोटा पडेन. तुमची खोली झाडून ठेवली आहे. दादा, तू वाकायचं नाहीस. बांधावर खुर्ची टाकून बस आणि मी चुकीचं उपटलं की जोरात ओरड. बरेच दिवस झाले, माझ्यावर कोणी ओरडलेलं नाही.