छातीवरची बाई

श्रीवर्धन, पौष, बुधवार, १९५८

आठवडाभर माझ्या वामकुक्षीचा खून होतो आहे आणि सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. दुपारी डोळा लागला की छातीवर ओझं येऊन बसतं. हात हलत नाही.

आज चिडून इंग्रजी शब्दकोश काढला. नाइटमेअर. त्यातली 'मेअर' म्हणजे घोडी, असं मी वर्गात वीस वर्षं ठोकून शिकवलं. साफ चूक. जुन्या इंग्रजीत आणि त्याआधी जर्मन टोळ्यांत ती 'मारा', निजलेल्याच्या छातीवर बसणारी बाई. त्याहून मागे बहुधा आपल्याच 'मरणा'चं मूळ. बाई फार लांबून येते म्हणायची.

वाडी राखणारी भागीबाय अंगण झाडत होती. तिला मी काही बोललो नव्हतो.

"मास्तर, तिचे केस वले असतात ना?"

असतात. गळ्यावर पाणी टपकतं. हिला कसं कळलं?

"कोणाचे?"

"वाडीतल्या विहिरीवरच्या बायचे. सुपारीचा पयला घोस तिचा. औंदा तुमी ठेवू दिला न्हाय. वर हसलात."

हसलो होतो. त्या बायचं लग्न ठरलंय का, असंही विचारलं होतं.

त्यानंतर जागाच होतो, तरी छातीवर ओझं होतंच.

दिवेलागणीला मागच्या दाराने विहिरीपाशी गेलो. घोस ठेवला. हसलो नाही.