पुदिन्याच्या तेलाची बाटली

मुंबई, १२ जानेवारी १९७४

धाकट्या लालासाबला भाईची दुवा, घरात सगळ्यांना सलाम.

मी बरा हाय. तू आपल्या दुकानातली पुदिन्याच्या तेलाची बाटली पाठवलीस ती पोचली. औषध चढवलं की लई मळमळतं, तवा रुमालावर दोन थेंब टाकून हुंगतो. जरा उतार पडतो. डाक्टर म्हणाले, "हुंगा खुशाल, पण पिऊ नका. तेल मळमळीला चालेल, पोटातल्या कॅन्सरला आमचंच औषध लागणार."

शेजारच्या खाटेवरचे बाबा रोज विचारायचे, वास कसला येतोय? मग मी त्यांना मंगळवार पेठ, आपलं दुकान, सगळं सांगत बसायचो. परवा त्यांची खाट रिकामी झाली. आता वासाचं कोण विचारत न्हाय.

तुझ्या भाभीला सांग, जेवण जातंय. अर्धी वाटी पेज जाती, तेवढं सांगू नको. अम्मीचे गुडघे कसे हायत?

एक काम कर. गुंडू सुतार दर आठवड्याला पोटदुखीसाठी तेल न्यायचा, अजून नेतो का? आता आला की नुसती बाटली देऊ नको. बसवून घे आन् विचार, वजन उतरलंय का, डाक्टरला दाखवलंस का? न्हाय म्हणाला तर दुकान बंद करून तूच घेऊन जा.

मी सहा महिने आपलंच तेल साखरेवर टाकून खात बसलो. कुणी अडवलं न्हाय. दुकानदारबी मीच हुतो की, आन् गिऱ्हाईकबी मीच.

तुझा भाई,
मौला