न वाचलेल्या कागदावरची सही

बाई, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी तुम्ही खाच पाडून दिलेला पुठ्ठा अजून माझ्या खिशात असतो. कागदावर ठेवायचा, खाचेत पेन फिरवायचं, की आंधळ्याची सही सरळ येते. दिलात त्याच दिवशी तुम्ही एक कागद पुढं केलात. मी ऐटीत सही ठोकली आणि तुम्ही तो मोठ्यानं वाचलात: महिनाभर सगळ्या वसतिगृहाची ताटं मी घासणार. शाळेच्या स्वयंपाकघरात राखेनं माझी बोटं फुटली तेव्हा तुम्ही म्हणालात, "वाचून घेतल्याबिगर सही करायची नाय. तुझ्यासारख्यानं तर नायच."

आता मी पुंडलिकनगरात आंधळ्या पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवतो. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर आमचं सगळं चालतं. गेल्या महिन्यात एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. सरकारी वेबसाइट आम्हालाही वापरता याव्यात म्हणून नियम ठरवायचेत, रोज काम करणाऱ्यांचा सल्ला हवाय म्हणे. आठ दिवस खपून मी अडचणी लिहून नेल्या. तिथं काय, तर भिंतीवर चित्रं! साहेब तासभर "इथं बघा, तिथं बघा" करतायत आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलोय. नियम आधीच छापून तयार. माझे कागद कुणी हातात घेतले नाहीत, समोसा मात्र दोनदा आणून दिला. अक्कल गहाण टाकलेली माणसं. त्यांना सल्ला नको होता, फोटोपुरता एक आंधळा हवा होता. निघताना एक कागद पुढं आला, मी पुठ्ठा काढला आणि सही केली.

काल फुलंब्रीची माझी विद्यार्थिनी फोनवर रडत होती. दिव्यांगांसाठीच्या नोकरीचा अर्ज, आणि शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची. चित्रापाशी आमचा आवाज मुका होतो. तक्रार केली तर उत्तर मिळालं, हे नव्या नियमांत बसतं, जाणकारांनी मान्य केलंय. "सर, खाली तुमची सही आहे म्हणे," ती म्हणाली. मुदत शनिवारी संपते.

सकाळपासून कचेरीला पत्र लिहितोय: माझी संमती रद्द करा, पोरीचा अर्ज घ्या. त्यात एक वाक्य घालावंच लागेल, की तो कागद मी वाचून घेतला नव्हता. तिथंच अडलोय. म्हणून हे पत्र तुम्हाला, जे कुठंच जाणार नाही. साहेबांना नावं ठेवणं सोपं आहे बाई. पण हजेरीवरची माझी सही बघून ते म्हणाले होते, डोळसांनाही इतकी झोकदार जमत नाही, आणि मी फुशारलो होतो. मग निघताना तो कागद पुढं करून त्यांनी विचारलं, वाचून दाखवू का? मी म्हणालो, कशाला, राहू द्या.