अकरा जणांना सोळा गुण

सोमवार, ९ फेब्रुवारी

चाळीस प्रशिक्षणार्थींच्या फायली मागितल्या होत्या. टेबलावर अठ्ठावीस. बाकीच्या ‘वापरात आहेत’ म्हणे.

हार्लोच्या प्रशिक्षण केंद्राचा प्रमुख रॅडमाकर — पन्नाशीचा माणूस, हसतमुख, हातात घेतलेला हात जरा जास्तच वेळ धरून ठेवणारा. मला खिडकी नसलेली खोली दिली आणि कॉफीचं भांडं. वॉशिंग्टनहून तपासणीला आलेल्या माणसाचे हार्लोत हाल होता कामा नयेत, म्हणाला. कॉफी पातळ.

काम तसं सरळ. वर्षभरात खात्यातल्या सशस्त्र अधिकाऱ्यांची संख्या दुप्पट करायचं वरून ठरलं, म्हणून सोळा आठवड्यांचं प्रशिक्षण आठवर आणलं. आठ आठवड्यांत माणूस तयार होतो का, एवढंच मला बघायचंय. आमच्या कचेरीला कुणाला थांबवायचा अधिकार नाही. बघायचं, लिहायचं, वर कळवायचं. बावीस वर्षं मी स्वतः बिल्ला लावून फिरले — नुसतं बघत बसणं अजून अंगवळणी पडत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उरलेल्या बारा आल्या. एकही नवीन उघडवत नाही, पाठ धरलीय.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सापडलं. आणि सापडलं याचा आनंद झाला नाही.

इथे एक परीक्षा असते. भिंतीएवढ्या पडद्यावर एकामागून एक वीस प्रसंग येतात. दार उघडतं, समोरचा माणूस खिशातून काहीतरी काढतो. गोळी झाडायची की नाही — दीड सेकंदात ठरवायचं. वीसपैकी सोळा बरोबर आले तर पास.

चाळीस जणांपैकी अकरा जणांना बरोब्बर सोळा! पंधरा कुणालाच नाहीत, चौदा कुणालाच नाहीत. नापास एकही नाही, आणि काठावरचे सगळे बरोब्बर सोळावर. असं माणसांचं होत नसतं.

पडद्याच्या यंत्रात प्रत्येकाची नोंद आपोआप राहते. ती मागितली तर रॅडमाकर म्हणाला की तंत्रज्ञ रजेवर आहे. म्हटलं, बटण मला दाबता येतं. त्याच्या समोरच काढली. तेरा, बारा, चौदा, तेरा, बारा... अकरातल्या एकालाही सोळा नाहीत. कागदावर मात्र सगळ्यांना सोळा, आणि खाली एकच सही — एच. ब्रॉडनॅक्स.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

हॉलिस ब्रॉडनॅक्स. मुख्य प्रशिक्षक, वय एकसष्ट, धिप्पाड, आवाज मात्र अगदी खालचा. तीस वर्षं हेच शिकवतोय. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये तळलेला मासा घेऊन आपणहून माझ्यासमोर येऊन बसला. मला वाटलं होतं नाकारेल.

“अक्षर माझंच आहे,” म्हणाला. “विचारायचा त्रास घेऊ नका.”

मग सावकाश सांगत गेला. पूर्वी कुणी कमी पडलं की तो त्याला दोन-तीन आठवडे मागे ठेवून घ्यायचा, रोज शेजारी उभा राहायचा. आता दर सोमवारी नवी तुकडी दारात. मागच्यांना ठेवायचं कुठे? सोळा लिहायला कुणी सांगितलं, हे दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मासाच खात राहिला.

उठता उठता त्यानं विचारलं, “मिस जिनिव्हा, चुकीच्या माणसावर कधी बंदूक रोखली होतीत?”

“हो. टोलीडोत. त्याच्या हातात चष्म्याचं घर होतं.”

“आणि?”

“नाही झाडली. शिकवणाऱ्यानं आधी हात बघायला शिकवलं होतं. मला वैताग येईपर्यंत.”

तो पुन्हा खाली बसला. ताटात बघत राहिला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पदवीदान पुढच्या शुक्रवारी. आमच्या साहेबांना फोन केला. म्हणाले, शांतपणे अहवाल लिही, नव्वद दिवस आहेत. नव्वद दिवसांत हे अकरा जण अकरा गावांत बंदूक लावून फिरत असतील! तातडीची सूचना पाठवता येईल का, विचारलं. त्यासाठी प्रशिक्षकाचा सहीचा जबाब लागेल, म्हणाले. नुसत्या यंत्राच्या नोंदीवर खातं म्हणेल, यंत्र बिघडलं होतं.

हॉलिसला सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. विचार करतो म्हणाला. आग्रह केला नाही. आग्रह करून घेतलेला जबाब टिकत नाही — आणि खरं म्हणजे, माझी जीभ रेटेना.

रविवार, १५ फेब्रुवारी

इथली पावासारखी बिस्किटं, ग्रेव्ही, पाऊस. वाट बघणे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सकाळी सातला खोलीबाहेर हॉलिस उभा. हातात दोन पानं, स्वतःच्या हातची. मागे रॅडमाकरचे दोन ईमेल जोडलेले: ‘या तुकडीत कुणी मागे राहणार नाही. हॉलिस, तू बघून घे.’ दुसऱ्यात एवढंच — ‘सोळा.’

“माझं काय करतील?” त्यानं विचारलं.

माहीत नाही, म्हटलं. खोटा धीर देणं बरं वाटेना.

बारा वाजता सूचना पाठवली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

खात्यानं अकरा जणांचे दाखले थांबवले. खोलीतलं कॉफीचं भांडं गेलं.

दुपारी एक बाई दार न वाजवता आत आली. ओडेसा पिकेट, एकतीस वर्षांची. आधी शाळेची बस चालवायची. यादीत चौथं नाव, खरे गुण तेरा. मला वाटलं, भांडायला आलीय. तशी आलीच होती.

“आई उद्या टेक्सारकानाहून निघणार होती, बिल्ला लावताना बघायला. तिला आता काय सांगू? तुमच्या कागदात बसत नाही म्हणून?”

मी तिला खाली बसवलं आणि यंत्राची नोंद समोर ठेवली. सात चुका. चौथ्या प्रसंगात माणसाच्या हातात फोन होता. तिनं गोळी झाडली होती. अकराव्यात पोरगी होती, हातात काहीच नव्हतं.

तिनं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बराच वेळ वाचत होती.

“मला पास म्हणून सांगितलं होतं,” म्हणाली. “मॅडम, मला हे कुणी दाखवलंच नाही.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! आठ दिवस मी अकरा नावांकडे बघत होते, आणि त्या अकरांनाच ठाऊक नव्हतं. ती उद्या कुणाच्या तरी दारात उभी राहिली असती, आपल्याला येतं अशा खात्रीनं.

जाताना पान मागून घेतलं. नियमात बसत नाही. दिलं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पदवीदान झालं. बँड, झेंडे, केक. अकरा जण मागच्या रांगेत, साध्या कपड्यांत. ओडेसाची आई आली होती. दोघी हात धरून बसल्या होत्या. खात्याचं लेखी उत्तर आलं: अकरा जण आणखी सहा आठवडे इथेच राहतील, हॉलिसच्या हाताखाली. शेवटी परीक्षा पुन्हा.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदानं काहीतरी थांबवलं. गाडीत सामान टाकलं. हॉलिसला भेटायला गेले तर तो पडदा जोडत होता. मान हलवली फक्त. पुष्कळ झालं.

मंगळवार, ३ मार्च

खात्याचं पत्र. पास व्हायला आता सोळा नव्हे, बारा. आणि हा नियम एक जानेवारीपासून धरायचा. म्हणजे सगळे अकरा आधीच पास. आमची हरकत ‘निकाली’.

हॉलिसला फोन केला. त्याची बदली झालीय, शनिवारी निघायचंय. सकाळी दहा जण बिल्ले लावून गेले. ओडेसानं बिल्ला घेतला नाही. आठ वाजल्यापासून पडद्यासमोर उभी आहे.

“सोळा झाल्याशिवाय हात लावणार नाही म्हणते,” हॉलिस म्हणाला. “ठेवतो आता. तिचा पुढचा प्रसंग लावायचाय.”